कपाटातली रायफल

नळीतून उजेडाकडे बघा. आधी रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, नळीचं तोंड खिडकीकडे करा आणि मागच्या बाजूने डोळा लावा. नळी निरोगी असेल तर आतून आरशासारखी चकाकते आणि पोलादात कोरलेले आटे गोल वळत पलीकडच्या उजेडाच्या टिकलीपर्यंत जाताना स्वच्छ दिसतात. आजारी नळीत आट्यांच्या कडा झिजून गोलावलेल्या असतात. मधेमधे देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतात आणि काही ठिकाणी नुसताच काळपट अंधार. वाडवडिलांच्या शिकारी रायफलीचं काय करायचं या प्रश्नाचं निम्मं उत्तर या पहिल्या मिनिटातच मिळून जातं.

दिल्ली आणि भोवतालचा गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबादचा पट्टा हा बदल्यांवर आलेल्या माणसांचा मुलूख. ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे इथल्या दरबारी नोकऱ्यांतून आलेली, सैन्यातून किंवा वनखात्यातून निवृत्त झालेली मराठी कुटुंबं इथे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. त्यांतल्या काही घरांत लोखंडी कपाटाच्या मागच्या कप्प्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक रायफल असते. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख आली, किंवा नातवाला नेमबाजीचा नाद लागला, की ती बाहेर निघते आणि घरात चर्चा सुरू होते. नळी बदलावी का? नवा दस्ता, वर दुर्बीण? की ही विकून सरळ नवी घ्यावी?

अमेरिकेत किंवा जर्मनीत हा प्रश्न पैशाचा आणि आवडीचा असतो. आपल्याकडे तो धातूचा, कायद्याचा आणि आणखी एका अवघड गोष्टीचा आहे. ज्या कामासाठी ती रायफल बनली, ते कामच आता उरलेलं नाही.

धातूपासून सुरुवात करू. नळीतले ते खड्डे बहुधा फार गोळ्या झाडल्यामुळे पडलेले नसतात. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बुडाच्या ज्या ठिपक्यावर पिन आदळते त्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं. हा क्षार आपल्या खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. नळीत चिकटून बसतो, हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद खातो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून ब्रिटिश फौजेत गोळीबारानंतर नळीतून उकळतं पाणी ओतायची शिस्त होती. तेल त्यानंतर. ज्या आजोबांना हे माहीत होतं त्यांची रायफल आजही आतून चकाकते. ज्यांनी शिकारीहून परतल्यावर नुसता तेलाचा बोळा फिरवला, त्यांच्या नळीत श्रावणाच्या ओलीने आपलं काम केलं.

थोडे खड्डे असले म्हणून नळी बाद होत नाही. वरून भयाण दिसणाऱ्या कितीतरी नळ्या ठीक नेम देतात. जिथून गोळी शेवटचा स्पर्श सोडते ती तोंडाची कड मात्र शाबूत हवी. तिथे एक बारीक ठोका बसला असेल तर गोळी निघताना मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला कलंडवतो. नेम बिघडलेल्या रायफलीचा दोष लोक दुर्बिणीत, दस्त्यात, स्वतःच्या डोळ्यांत शोधतात. या कडेवर मात्र कोणी बोट फिरवून पाहत नाही.

आता ही रायफल मुळात आहे कोणती ते पाहू. आपल्याकडच्या घरांत सर्वांत जास्त आढळते ती .३१५ बोअरची. हे माप जगात इतरत्र शिकाऱ्यांच्या तोंडी फारसं नसतं, भारतात मात्र घरोघरचं. कारण राजकीय आहे. फौजेची ली-एनफिल्ड रायफल .३०३ बोअरची होती. तीच काडतुसं लोकांच्या हाती असू नयेत म्हणून इंग्रज सरकारने फौजी बोअर खाजगी माणसांना बंद केलं. मग शिकाऱ्यांसाठी ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं जुनं काडतूस पुढे आलं. तेच आपलं .३१५. कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल कारखान्याने पुढे ली-एनफिल्डच्या त्याच ओळखीच्या बोल्ट-रचनेवर या बोअरची शिकारी रायफल बनवली. म्हणजे फौजेच्या .३०३ ची ही सख्खी बहीण, फक्त खाणं वेगळं. .३०३ आजही निषिद्ध बोअरमध्येच मोडते, आणि म्हणून .३१५ टिकून आहे. तिच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर अनेकदा रोमन लिपीत ‘केएफ’ असा छाप दिसतो. ती पुण्याची खूण. किर्की फॅक्टरी, म्हणजे १८६९ सालचा खडकीचा दारूगोळा कारखाना.

ज्यांच्या घरी जुन्या इंग्रजी कंपनीची रायफल आहे त्यांची अडचण निराळी. तिची घडण .३१५ पेक्षा कितीतरी देखणी असेल, दस्त्याच्या अक्रोडावर जाळीदार कोरीवकाम असेल, पण अशा कितीतरी बोअरची काडतुसं भारतात बनतच नाहीत. काडतूस नसलेली रायफल मुकी असते. तिचं बोअर बदलून घेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत शस्त्राचं रूपांतर. त्या वाटेला जाण्याआधी दहा वेळा विचार करावा.

जुनं सुधारावं की नवं घ्यावं, हा प्रश्न खुद्द ईशापूरलाही एकदा पडला होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर फौजेला नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची हत्यारं हवी होती. स्वयंभरणी एसएलआर रायफल बनू लागली, पण ती पुरेशा संख्येने हातात पडायला वेळ लागणार होता. म्हणून कारखान्याने जुनी ली-एनफिल्डच नव्या काडतुसासाठी घडवली. ही ‘२ए’ आणि नंतरची ‘२ए१’ रायफल. यात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. नवं काडतूस जास्त दाब निर्माण करत होतं, म्हणून नुसती नळी बदलून भागलं नाही. पोलादच अधिक बळकट घ्यावं लागलं. काडतुसाचा आकार वेगळा, म्हणून मॅगझिन नवं. मागच्या साइटवरचे आकडेही बदलले. एक भाग बदलला की त्याच्या शेजारचा भाग हात पुढे करतो, मग त्याच्या शेजारचा. घर रंगवायला काढावं आणि वायरिंग, नळ, फरशी सगळंच निघावं, तसं. ईशापूरला हे परवडलं कारण तिथे धातुशास्त्रज्ञ होते, चाचणीच्या सोयी होत्या आणि एकाच रचनेच्या अनेक रायफली बनवायच्या होत्या. एका घरच्या एका रायफलीसाठी हा हिशेब बसत नाही. जुनी .३०३ मात्र पोलिसांकडे राहिलीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी, म्हणजे नोएडा-गाझियाबादच्याही पोलिसांनी, तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० रोजी.

सुधारणा म्हणजे नेमकं काय, तेही नीट समजून घ्यायला हवं.

रायफल झाडली की नळी काठीसारखी थरथरते. गोळी बाहेर पडायच्या क्षणी ती दर वेळी त्याच ठिकाणी थरथरली, तर गोळ्या एका जागी लागतात. म्हणून नळी आणि यंत्रभाग लाकडात कसे बसले आहेत याला फार महत्त्व. आणि इथे दिल्लीची हवा आडवी येते. मे-जूनच्या लूमध्ये लाकूड वाळून आक्रसतं, जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड ओल पिऊन फुगतं आणि नळीला एका बाजूने ढकलतं. फेब्रुवारीत नेमकी असलेली रायफल ऑगस्टमध्ये चार बोटं डावीकडे लागते आणि माणूस स्वतःच्या वयाला दोष देतो. यावर इलाज आहे. यंत्रभागाच्या खाली लाकडात इपॉक्सीचा थर घालून त्याला पक्की, न हलणारी बैठक देतात आणि नळीचा पुढचा भाग लाकडापासून मोकळा ठेवतात. कागदाचा कपटा नळी आणि लाकूड यांच्यामधून अडथळ्याशिवाय सरकला पाहिजे, ही जुनी परीक्षा. माझ्या मते कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा देणारी सुधारणा हीच. फक्त एक सावधगिरी: ली-एनफिल्डच्या मूळ घडणीत पुढच्या लाकडाचा नळीवरचा दाब हिशेबात धरलेला आहे. ती रायफल ओळखणारा कारागीर नसेल आणि त्याने सरसकट लाकूड तासलं, तर होता तो नेमही जातो.

दुर्बीण बसवणं सोपं वाटतं आणि तिथेच बहुतेक लोक फसतात. जुन्या रायफलीवर तिच्यासाठी जागाच केलेली नसते. यंत्रभागाच्या कडक पोलादात भोकं पाडून आटे काढावे लागतात आणि एखादं भोक जरासं तिरपं गेलं तर ते कायमचं. माउझर रचनेच्या जुन्या रायफलींत बोल्टची मूठ उचलली की दुर्बिणीला आदळते. मग ती मूठ वाकवणं आलं. दुर्बीण बसली की डोळा वर न्यावा लागतो. पण दस्ता उघड्या साइटसाठी उतरता घडवलेला असतो, त्यामुळे गाल हवेत राहतो आणि मान अवघडते. मग गालाला टेकू हवा. ईशापूरची गोष्ट इथे पुन्हा घडते.

नळी बदलणं ही सगळ्यांत मोठी शस्त्रक्रिया. नवी नळी बसवताना बोल्टचा पुढचा चेहरा आणि काडतुसाचं बूड यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीइतकं अचूक राखावं लागतं. ते जास्त झालं तर झाडताना काडतुसाचं पितळी कवच ताणून फाटतं आणि भडकलेला वायू मागे, म्हणजे तोंडाकडे येतो. म्हणून नव्या नळीच्या रायफलीची पुन्हा जास्त दाबाच्या काडतुसाने चाचणी व्हायला हवी आणि तसा शिक्का उमटायला हवा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून हेच काम करत आलं आहे. ज्या कारागिराला या अंतराचं नाव माहीत नाही, मोजायचे गेज ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या हाती नळी देऊ नका. हात किंवा डोळा गमावण्याइतकी कोणतीही रायफल मोलाची नसते.

हे सगळं झालं धातूचं. शस्त्र कायदा १९५९ सालचा, आणि त्याच्या पहिल्याच व्याख्यांत एक गोष्ट दडलेली आहे जी पुष्कळांना ठाऊक नसते. ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. सुटी नळी ही दुकानातून आणायची सायकलची चेन नव्हे. शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर, चाचणी यांचा व्यवसाय करायला परवाना लागतो. नळी आखूड करायला तर कलम ६ खाली वेगळी परवानगी लागते. परदेशी मासिकांत ‘नळी चार इंच कापून घ्या, रायफल हाताळायला सोपी होते’ असा सल्ला सर्रास असतो. तो इथे पाळला तर गुन्हा होतो. आवाज दाबणारं नळकांडं फिनलंडमध्ये शेजाऱ्यांच्या कानांची काळजी म्हणून लावतात. आपल्याकडे ते नळकांडंच बंदुकीच्या व्याख्येत बसतं. त्यामुळे सुधारणेचं कोणतंही काम परवानाधारक कारागिराकडे, कागदोपत्री, पावतीसह झालं पाहिजे. रायफलीवरचा क्रमांक कोणत्याही कामात घासला जाता कामा नये. ज्या बंदुकीवर ओळखीचा क्रमांक नाही ती पुढे विकता येत नाही की कोणाच्या नावावर करता येत नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. ‘आमची बंदूक अँटिक आहे, तिला परवाना लागत नाही.’ कायद्यातली सूट केवळ अशा शस्त्राला आहे जे दुरुस्त करूनही झाडता येणार नाही. आजोबांची रायफल शंभर वर्षांची असली तरी गोळी झाडू शकत असेल, किंवा दुरुस्तीनंतर झाडू शकणार असेल, तर ती पूर्ण अर्थाने बंदूक आहे.

नव्या-जुन्याच्या वादात निर्णायक ठरला तो २०१९ चा बदल. त्या डिसेंबरपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेली बंदूकही या दोनांतच मोजली जाते. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, ही त्यातली सोय. दोन जागा भरलेल्या असतील तर नवी रायफल घ्यायची म्हणजे जुनी आधी कायदेशीर वाटेने दुसऱ्याच्या नावावर करायची, विकायची किंवा सोडून द्यायची. वारसांसाठी मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांत एक समंजस तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा ते शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतच ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की ज्यांचे वडील सत्तरीला आले आहेत त्यांनी हे काम आजच हाती घ्यावं. वडील गेल्यावर, दुःखाच्या त्या दिवसांत, घरात एक विनापरवाना बंदूक पडून राहते आणि ती जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं कोणाच्या ध्यानातही येत नाही.

राजधानी परिसरात आणखी एक काटा आहे. इथे मेट्रोने अर्ध्या तासात तीन सरकारांच्या हद्दी ओलांडता येतात. परवान्यावर मात्र तो कोणत्या राज्यापुरता वैध आहे हे लिहिलेलं असतं. गुरुग्रामच्या परवान्यावर केवळ हरियाणा असेल, तर ती रायफल घेऊन दिल्लीतल्या कारागिराकडे जाणं, दोन मेट्रो स्टेशनं का असेनात, हद्दीबाहेर शस्त्र नेणं ठरतं. नोएडाच्या माणसालाही तेच. क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज आधी, प्रवास नंतर.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ही रायफल झाडायची कशावर?

दिल्लीचा कणा असलेली अरवलीची टेकडी, तिला इथे रिज म्हणतात, ती चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाची शिकारीची जागा होती. मालचा महाल ही त्याचीच शिकारगाह, रिजच्या झाडीत आजही उभी आहे. याच दिल्लीत १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची महासभा भरली आणि वाघ संपत चालल्याची गोष्ट जगासमोर आली. पुढच्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. छंदाची शिकार संपली. ते योग्यच झालं. दिल्लीतल्याच असोला-भाटीच्या अभयारण्यात आज बिबट्या दिसतो तो या निर्णयांमुळेच. पण त्यांच्याबरोबर देशातल्या प्रत्येक शिकारी रायफलीचं काम संपलं हेही तितकंच खरं. पिकांचं नुकसान करणाऱ्या प्राण्यांसाठी वनखात्याची खास परवानगी असते. ती शेतकऱ्यासाठी आहे. तिच्या भरवशावर दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीतल्या माणसाने रायफलीवर खर्च करू नये.

शिकारी रायफल चालणाऱ्या माणसासाठी बनते. दिवसभर खांद्यावर वागवायची, म्हणून वजन चारेक किलोच्या आसपास. चाप मुद्दाम जड, म्हणजे दगडावर पाय घसरला तरी अनवधानाने सुटू नये. एक गोळी, फार तर दोन. नेमबाजीची रायफल अगदी उलट. ती उभं राहणाऱ्या माणसासाठी बनते. पन्नास मीटरच्या स्पर्धेत तिचं वजन आठ किलोंपर्यंत चालतं, कारण जडपणा हाताची थरथर गिळतो. चाप इतका हलका की नवख्याला तो आपण दाबला हेच कळत नाही. दस्ता लाकडाचा नसून बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि गालाचा टेकू, खांद्याचा आकडा, हाताची मूठ, सगळं मिलिमीटरने सरकवून तुमच्या अंगाच्या मापाचं करता येतं. शिंप्याने कपडा बेतावा तसं. आजोबांच्या रायफलीवर कितीही खर्च केला तरी ती ही होणार नाही, आणि व्हावी अशी इच्छा धरणंही तिच्यावर अन्याय आहे. दिल्लीत .३१५ झाडायला जागा शोधणंसुद्धा कठीण. पन्नास मीटरच्या लेन .२२ बोअरसाठी असतात, तीनशे मीटरच्या मोठ्या बोअरच्या स्पर्धांत मुख्यतः सैन्यातले नेमबाज उतरतात.

या खेळाचं दिल्लीतलं घर म्हणजे तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेली, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने उभारलेली. असोला-भाटीचं जंगल इथून फार दूर नाही. आणि या खेळाच्या भारतीय संघटनेचा पहिला अध्यक्ष मराठी होता हे आपल्याच लोकांना फारसं माहीत नसतं. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली तेव्हा तिची धुरा गणेश वासुदेव मावळणकरांनी घेतली, जे पुढच्या वर्षी पहिल्या लोकसभेचे सभापती झाले. रफी मार्गावरच्या मावळणकर हॉलवरून रोज हजारो लोक जातात. देशभरचे तरुण नेमबाज मात्र त्यांचं नाव निराळ्या कारणाने घेतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा त्यांच्या नावाची आहे. ‘मावळणकर खेळून आलो’ असं मुलं सहज म्हणतात.

कायद्यातही या खेळासाठी एक दार मोकळं ठेवलेलं आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद सरावासाठी .२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर दोन बंदुकांची मर्यादा त्याला लागू होत नाही. म्हणजे आजोबांची रायफल काढून न टाकताही नातवंडाला त्याची रायफल मिळू शकते. नव्या-जुन्याचा हा झगडा बहुतेक घरांत याच ठिकाणी सुटतो, फक्त कोणी सांगितलेलं नसतं. त्यातही सुरुवात एअर रायफलीने करावी. साडेचार मिलिमीटर बोअरच्या आणि वीस जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांत नवख्यांसाठी उघड्या साइटच्या एअर रायफलीचा गट आहे. त्यात वर्षभर घालवलेलं मूल स्वतःच सांगतं की पुढे जायचं आहे की नाही. महागडी जर्मन रायफल त्यानंतर बघावी, तीही क्लबातल्या दोन-तीन रायफली खांद्याला लावून पाहिल्यावर.

मग कपाटातल्या रायफलीचं काय? नळी ठीक असेल तर ती साफ करून, मूळ रूपात ठेवावी. सैल झालेले स्क्रू, वाळलेलं लाकूड, थकलेली स्प्रिंग यांची दुरुस्ती जरूर करावी. नवी भोकं पाडू नयेत, मूळ दस्ता टाकून देऊ नये. महायुद्धांनंतर पश्चिमेत लोकांनी फौजी रायफली हजारोंनी कापून, घासून शिकारी बनवल्या. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आज संग्राहक नेमक्या न छेडलेल्या रायफलीच शोधत फिरतात. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी आठवा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी ती त्याला दिली. आज ती जिने बनवली त्या लंडनच्या रिग्बी कंपनीकडेच परत आहे. तिच्यावर नवी नळी चढवायचं कोणाच्या मनात येणार नाही. आपल्या आजोबांच्या रायफलीला इतिहासात कोणी विचारणार नाही, पण घरात तिचा मान तोच असावा.

आणि नळी आतून खरोखर संपली असेल, काडतुसं मिळत नसतील, घरात सांभाळणारं कोणी नसेल, तर ती रीतसर सोडून द्यावी. भावनेपोटी पाच-पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या रांगा लावत, कपाटाची किल्ली मुलांपासून लपवत एक धोका घरात बाळगणं, याला मी आजोबांची आठवण म्हणणार नाही.

कोल्हापूरच्या छत्रपतींची शिकारीची राखीव जंगलं राधानगरी-दाजीपूरच्या डोंगरांत होती. गव्यांची. १९५८ साली तिथे अभयारण्य झालं. त्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर उभा होता. पन्नास मीटर अंतर, .२२ ची रायफल. आधी गुडघ्यावर, मग पोटावर, शेवटी उभ्याने. समोरच्या लक्ष्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आपल्या करंगळीच्या नखाएवढं. त्याचे ४५१.४ गुण झाले आणि ब्राँझ पदक मिळालं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये रायफल घेऊन उतरलेल्या होत्या.